स्कूल डिस्ट्रिक्टची फुकट प्रीस्कूल आणि मराठी घरातलं तीन वर्षांचं मूल

एका आईचा प्रश्न आहे. लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. जानेवारीत पुण्याहून जर्सी सिटीला आले. नवरा एल-१ व्हिसावर (कंपनीनं बदली करून पाठवलेल्यांचा), त्या एल-२ वर (त्यांच्या कुटुंबाचा). मुलगा ऑगस्टच्या शेवटी तीन पूर्ण करेल. घरात फक्त मराठी. डे-केअरचे दर ऐकून धसका बसला, तेवढ्यात शेजारणीनं सांगितलं की इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, प्रीस्कूल फुकट असते. आता त्यांना चार शंका आहेत. ही सोय गरिबांसाठी असेल तर आपण घ्यावी का? व्हिसावर, पुढे ग्रीन कार्डावर परिणाम होईल का? मुलाला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तो तिथे काय करेल? आणि चौथी, जी त्यांनी शेवटी आणि जरा चाचरत लिहिली आहे: मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या की तो वयाच्या मानानं कमी बोलतो, आणि कुणीतरी सुचवलं की घरात इंग्रजीच बोला.

मी न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आधी बरीच वर्षं प्रीस्कूलच्या वर्गावर शिकवलं. आता प्रवेशाच्या आणि तपासणीच्या कामात असते. त्यामुळे जे सांगते ते न्यू जर्सीपुरतं धरा. अमेरिकेत तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि या वयाच्या मुलांसाठी काय करायचं हे राज्यागणिक, कधी गावागणिक बदलतं. डॅलसची मैत्रीण म्हणेल, "आमच्याकडे इंग्रजी येत नाही म्हणूनच प्री-के मोफत मिळालं." ते टेक्ससात खरं आहे (प्री-के म्हणजे पहिलीआधीच्या किंडरगार्टनच्याही आधीचा वर्ग). कॅलिफोर्नियातला मावसभाऊ ट्रान्झिशनल किंडरगार्टनबद्दल सांगेल, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२५-२६ पासून पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, मिळणारी जागा. तेही खरं. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात थ्री-के आणि प्री-के वेगळंच आहे. यातलं काहीही तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तुम्हाला लागू आहे तो एक खटला.

१९८१ मध्ये कॅम्डन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी या चार गावांतल्या मुलांच्या नावानं न्यू जर्सी राज्यावर खटला भरला गेला. अ‍ॅबट विरुद्ध बर्क. म्हणणं साधं होतं: शाळांचा पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो, श्रीमंत गावाची घरपट्टी जास्त, म्हणून श्रीमंत गावाची शाळा चांगली. मुलाचं शिक्षण तो कुठल्या गावात जन्मला यावर ठरणार असेल तर राज्यघटनेतल्या शिक्षणाच्या हमीला अर्थ काय? खटला दशकानुदशकं चालला, एकामागून एक निकाल आले, आणि १९९८ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या गरीब डिस्ट्रिक्टमधल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना चांगली प्रीस्कूल मिळालीच पाहिजे. "चांगली" म्हणजे काय यावर राज्य आणि वकील पुन्हा भांडले. शेवटी ठरलं ते असं: एका वर्गात पंधराच्या वर मुलं नकोत, पदवी आणि लहान मुलांना शिकवण्याचा खास परवाना असलेली शिक्षिका हवी, जोडीला एक मदतनीस हवी. पुढे ही यादी ३१ डिस्ट्रिक्टची झाली. जर्सी सिटी तिच्यात आहे. एडिसन, न्यू जर्सीतलंच गाव, नाही. आपली माणसं एडिसनमध्ये इतकी असूनही तिथल्या मैत्रिणीकडून तुम्हाला याची कल्पना आली नाही, त्याचं कारण हेच. अलीकडे, विशेषतः २०१७ नंतर, राज्य इतर डिस्ट्रिक्टनाही प्रीस्कूलसाठी पैसे देऊ लागलं आहे, म्हणून यादीबाहेरच्या गावात राहणाऱ्यांनीही आपल्या डिस्ट्रिक्टला विचारून बघावं.

तेव्हा पहिल्या शंकेचं उत्तर: डिस्ट्रिक्ट गरीब म्हणून निवडलं गेलं, मूल गरीब म्हणून नाही. या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या प्रत्येक तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ही सोय आहे, आईबापाची पगाराची स्लिप कुणी बघत नाही. पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो, आणि तुमच्या नवऱ्याच्या पगारातून राज्याचा कर दर पंधरवड्याला कापला जातोच आहे. एखाद्या गरीब मुलाची जागा आपण अडवतो आहोत असं वाटून संकोच करणारे मराठी आईबाप मला बरेच भेटतात. भावना चांगली आहे, पण इथे ती चुकीच्या ठिकाणी लागते. उलट सगळ्या थरांतली मुलं एका वर्गात बसली की त्या वर्गाचं भलंच होतं. (हेड स्टार्ट वेगळं. तो १९६५ पासूनचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे आणि तिथे उत्पन्नाची अट असते. गोंधळ असा होतो की काही गावांत डिस्ट्रिक्टचे वर्ग हेड स्टार्टच्याच इमारतीत भरतात.)

दुसरी शंका, व्हिसाची. एल-२ वरचं मूल पब्लिक स्कूलमध्ये जाऊ शकतं, एच-४ वरचंही. शाळेला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नाही आणि प्रवेशासाठी तो मागण्याचा प्रश्न नाही. तुम्ही त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता का, एवढंच शाळा बघते. ग्रीन कार्डाच्या वेळी 'पब्लिक चार्ज'चा, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का याचा, जो विचार होतो त्यात पब्लिक स्कूलचं शिक्षण धरत नाहीत. तुमच्या वकिलांना विचारायचं तर जरूर विचारा, कंपनीनं नेमलेले असतीलच.

राहण्याचा पुरावा मात्र काटेकोर लागतो. भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचा कागद. नव्यानं आलेली कुटुंबं पहिले दोन महिने मित्राकडे किंवा कंपनीच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये राहतात. भाडेकरारावर तुमचं नाव नसेल तर ज्यांच्याकडे राहता त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घेऊन काम होतं. त्यासाठी कुठला फॉर्म लागतो ते प्रवेश कार्यालयात विचारा. वयाची अट बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरची असते, म्हणजे तुमचा मुलगा येत्या सप्टेंबरात बसायला हरकत नसावी. नोंदणी हिवाळ्यात किंवा वसंतात सुरू होते. उन्हाळ्यात जाग आलेल्यांना जागा मिळते, पण घराजवळची मिळेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट कळली की लोक दचकतात: डिस्ट्रिक्टची जागा म्हणजे शाळेच्या इमारतीतलीच जागा असं नाही. जर्सी सिटीसारख्या ठिकाणी डिस्ट्रिक्ट खासगी केंद्रांशी करार करतं. बोर्ड खासगी, वर्ग डिस्ट्रिक्टचा. शिक्षिकेची पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच, पंधराची मर्यादा तीच, फी नाही. "आम्हाला शाळा नाही, डे-केअर दिलं" म्हणून रुसून जागा सोडणारे मी पाहिलेत. जाऊन वर्ग बघा आणि मग ठरवा.

लसींच्या कागदाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्याकडून आलेल्या मुलांचा प्रवेश सगळ्यात जास्त इथेच अडकतो. भारतातलं सरकारी वेळापत्रक आणि इथलं वेळापत्रक जुळत नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना देतात, इथे पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला तो डोस धरतच नाहीत. सरकारी वेळापत्रकात गालगुंडाची लस नाही, कांजिण्यांची नाही. इथे दोन्ही लागतात. हिब आणि न्यूमोकोकल या लसींचा निदान एकेक डोस पहिल्या वाढदिवसानंतरचा लागतो. पोलिओचे थेंब कितीही वेळा पाजले असले तरी एप्रिल २०१६ नंतरचे थेंब इथे मोजत नाहीत, इंजेक्शनच मोजतात. पुण्यात खासगी डॉक्टरांकडे लसी घेतल्या असतील तर बरंचसं झालेलं असेल, पण तारखांसकट लिहिलेलं हवं. डॉक्टरांच्या अक्षरातलं ते लहानसं पुस्तक इथल्या नर्सला वाचता येत नाही, म्हणून इथल्या मुलांच्या डॉक्टरांकडून सगळं इथल्या फॉर्मवर उतरवून घ्या. प्रीस्कूलच्या मुलांना फ्लूची लस दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत लागते. क्षयाची तपासणी मागितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करा, कारण बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेची चाचणी उगाच लाल येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, धावपळ, सगळं मागे लागतं. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या वयाला रक्तातल्या शिशाची तपासणीही अपेक्षित असते. घरात काजळ घालत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. काजळात शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत.

आरोग्याच्या फॉर्मवर आणखी एक ओळ लिहायला सांगते, जी कुणी सुचवत नाही. आपल्या बऱ्याच मुलांच्या कमरेखाली किंवा पाठीवर जन्मापासून निळसर-करडा डाग असतो. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांना तो मार लागल्यासारखा दिसतो. मुलाला मारहाण होते अशी शंका आली तर ती कळवणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे, शिक्षिकेच्या मर्जीवर नाही. डाग असेल तर डॉक्टरांकडून फॉर्मवर नोंद करून घ्या. एका ओळीचं काम आहे.

आता तिसरी शंका, भाषेची. प्रवेशाच्या वेळी तुम्हाला घरात कुठली भाषा बोलता याचा एक फॉर्म देतील. तिथे "मराठी" लिहा. इंग्रजी लिहिलं तर पोरगं हुशार दिसेल, 'ईएसएल'मध्ये (इंग्रजी नवीन असलेल्यांच्या शिकवणीत) टाकणार नाहीत, अशा विचारानं खूप जण खोटं लिहितात आणि मग मूल आठ आठवडे तोंड उघडत नाही तेव्हा शिक्षिकेला वाटतं की याला काहीतरी अडचण आहे. मराठी लिहिलं असेल तर तीच शिक्षिका समजून घेते की हा गप्प राहून भाषा ऐकतो आहे. नव्या भाषेत टाकलेलं लहान मूल काही आठवडे, कधी काही महिने जवळजवळ मुकं असतं. ते बघतं, नक्कल करतं, गाण्याच्या हावभावात सामील होतं, हाताला धरून नेतं, पण बोलत नाही. मग एक दिवस "माय टर्न" म्हणून सायकल ओढतं. या काळात घरी "आज काय बोललास इंग्लिशमध्ये?" ही उलटतपासणी करू नका. काय खेळलास, कुणी रडलं का, हे मराठीत विचारा.

वर्गात मराठी येणारं कुणी असेल ही आशा धरू नका. स्पॅनिश येणाऱ्या शिक्षिका भरपूर आहेत, हिंदी किंवा गुजराती समजणारी मदतनीस नशिबानं मिळते. म्हणून एक कागद करून द्या. पाणी, शू, शी, भूक, झोप, दुखतंय, नको, बास, आई येणार आहे. प्रत्येकासमोर उच्चार आणि अर्थ. तो कागद शिक्षिका कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतात आणि पहिले दोन महिने अक्षरशः वापरतात. "आई येणार आहे" हे वाक्य शिक्षिकेच्या तोंडून, कितीही मोडकं, ऐकलं की रडणारं मूल एकदम तिच्याकडे बघायला लागतं. मुलाची हाक मारायची रीतही लिहा. घरात "बाळा" किंवा "पिल्लू" म्हणत असाल आणि कागदावर भारदस्त नाव असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याला हाक आपल्यालाच आहे हे कळत नाही.

इंग्रजीपेक्षा जास्त तयारी दुसऱ्या गोष्टींची लागते. आपली तीन वर्षांची मुलं भरवून जेवतात, फोनवर काहीतरी लावून. इथे जेवण टेबलावर एकत्र होतं, भांडी फिरतात, मूल स्वतः वाढून घेतं, दूध स्वतः ओततं, सांडतं, पुसतं. उन्हाळ्यात रोज एक जेवण त्याच्या हातानं होऊ द्या. वरणभात हातानंच खाऊ दे, चमच्याचा अट्टहास नको, पण घास त्याचा त्यानं घ्यावा. शू-शीची सवय पूर्ण झालेली नसेल तर तेवढ्यावरून घाबरू नका, शिक्षिकेला आधी सांगा, पँट मात्र इलॅस्टिकची द्या. शाकाहारी असाल तर "व्हेजिटेरियन" एवढंच लिहून भागत नाही. अंडं चालतं का, चिकन-मासे म्हणजे मांसच हे स्पष्ट, जिलेटिन चालतं का, हे सगळं लिहा. आणि घरून डबा द्यायची परवानगी असेल तर शेंगदाणा विसरा. बहुतेक वर्गांत शेंगदाण्याला बंदी असते आणि आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, चिक्कीत, सुक्या चटणीत कूट असतंच. खिचडी दिसायला इतकी निरुपद्रवी असते की आईच्याही लक्षात येत नाही.

"तिथे शिकवतात काय?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दिवाळीपर्यंत विचाराल. कारण पुण्यातली त्याची चुलत बहीण तेव्हा नर्सरीत बसून ए ते झेड गिरवत असेल आणि आजी व्हिडिओ कॉलवर विचारतील की हा नुसता ठोकळेच का रचतो. इथल्या वर्गात दिवसाचा मोठा भाग मुलं कोपऱ्यांत वाटून खेळतात: ठोकळे, भातुकली, वाळू-पाणी, चित्रं, पुस्तकं. न्यू जर्सीतल्या बऱ्याच वर्गांत हायस्कोप नावाची पद्धत आहे. मूल आधी सांगतं की मी आज काय करणार, मग करतं, मग काय केलं ते पुन्हा सांगतं. ऐकायला किरकोळ वाटतं. तीन वर्षांच्या मुलासाठी ही बरीच मोठी कसरत आहे, बोलण्याची आणि मन लावण्याचीही.

ही पद्धत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावच्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमधून निघाली. डेव्हिड वायकार्ट तिथे विशेष शिक्षणाचे प्रमुख होते. १९६२ ते १९६७ या काळात त्यांनी गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले, एकाला प्रीस्कूल दिली, शिवाय शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायच्या. दुसऱ्याला दिली नाही. मग त्या मुलांचा पाठपुरावा ती चाळिशीला पोचेपर्यंत आणि त्याही पुढे केला. शिक्षण पूर्ण करणं, कमाई, तुरुंगात न जाणं, या सगळ्यात पहिला गट पुढे राहिला. शिकागोच्या पब्लिक स्कूलनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या बाल-पालक केंद्रांतूनही अशीच चांगली फळं दिसली. तिथे पालकांसाठी वेगळी खोली असायची आणि त्यांनी यावं अशी अपेक्षा असायची.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. टेनेसी राज्याच्या प्री-केचा मोठा अभ्यास झाला, जवळजवळ तीन हजार मुलांचा. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षात सहावीपर्यंत ती मुलं प्री-केला न गेलेल्या मुलांपेक्षा थोडी मागेच पडलेली दिसली. म्हणजे "प्रीस्कूल" अशी पाटी लावली की फायदा झालाच, असं नाही. माझं मत विचाराल तर वर्गात पाच मिनिटं उभं राहून एकच गोष्ट बघा: मोठं माणूस मुलांशी बोलतं आहे की मुलांवर सूचना सोडतं आहे? "रांगेत उभे राहा, हात मागे, बसा, गप्प" एवढंच पाच मिनिटं ऐकू आलं तर मला काळजी वाटते. शिक्षिका खाली बसून "तू पूल बांधलास, यावरून काय जाणार?" असं विचारत असेल आणि उत्तराची वाट बघत असेल, तर भिंतीवरचे तक्ते फिके असले तरी चालतील.

आजींना सांगायला एक गोष्ट देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे केलं, ते याच जातकुळीतलं होतं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची. महागडी साधनं नाहीत तर शिंपले, बिया, खडे, पानं घ्यायची. इथल्या वर्गात पाइनची फळं आणि बटणं मोजणारं मूल बघितलं की मला कोसबाडच आठवतं. पाटी-पेन्सिल लवकर हातात देण्याची घाई आपल्याकडे नंतर आली, इंग्रजी शाळांच्या प्रवेशाच्या शर्यतीतून.

आता चौथी शंका. माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच भाग सगळ्यात तातडीचा आहे, आणि तुम्ही तो शेवटच्या दोन ओळींत ठेवलात.

घरात मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. अडत असेल तर ते दोन्ही भाषांत अडतं. मराठी थांबवून तुम्ही मोडक्यातोडक्या, मोजक्या शब्दांच्या इंग्रजीत बोलायला लागलात तर त्याच्या कानावर पडणारी समृद्ध भाषाच कमी होईल, आणि रागावणं, लाड करणं, गोष्ट सांगणं हे सगळं आकसेल. वाचा-भाषा तज्ज्ञांची अमेरिकेतली मुख्य संघटनाही घरची भाषा चालू ठेवा असंच सांगते.

पण डॉक्टरांचं म्हणणं "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता" म्हणून सोडूनही देऊ नका. बघायचं ते मराठीत बघा. "चपला काढ आणि आजीला पाणी नेऊन दे" अशी दोन कामं हातानं न दाखवता सांगितली तर करतो का? तीनच्या आसपास "बाबा ऑफिसला गेला", "मला ते नको" अशी तीन-तीन शब्दांची वाक्यं येतात का? घराबाहेरच्या मराठी माणसाला त्याचं बरंचसं बोलणं कळतं का? नावानं हाक मारली की बघतो का, तुम्हाला काही दाखवायला बोट करतो का, बाहुलीला खोटंखोटं जेवू घालतो का? यातल्या बऱ्याच गोष्टी होत असतील आणि शब्द थोडे कमी असतील तर चित्र वेगळं. होत नसतील तर वाट बघण्यात काही हशील नाही. कान मात्र दोन्ही बाबतीत तपासून घ्या.

इथे मी तुम्हाला स्कूल डिस्ट्रिक्टचा खरा उपयोग सांगते, जो फुकट जागेपेक्षा मोठा आहे. खासगी डे-केअरला तुमचं मूल अवघड वाटलं तर ते "आमच्याकडे जमणार नाही" असं म्हणून मोकळं होऊ शकतं. डिस्ट्रिक्टला तसं म्हणता येत नाही. १९७५ च्या केंद्रीय कायद्यानं, ज्याला आज आयडिया म्हणतात, अपंगत्व किंवा विकासात अडचण असलेल्या मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देणं पब्लिक स्कूलवर बंधनकारक झालं. १९८६ च्या दुरुस्तीनं ते तीन वर्षांपर्यंत खाली आलं आणि त्याहून लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लवकर तपासणी आणि मदतीची सेवा, सुरू झालं. अशी मुलं शोधून काढणं हीसुद्धा डिस्ट्रिक्टचीच जबाबदारी आहे. ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला लागू आहे, ज्या गावात सर्वांसाठी प्रीस्कूल नाही तिथेही. एडिसनवाल्या मैत्रिणीलाही सांगा.

तुमचा मुलगा अजून तीनच्या आत आहे, म्हणून आत्ता अर्ली इंटरव्हेन्शनचा दरवाजा उघडा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आई फोन करू शकते. तपासणी मोफत, पुढच्या सेवेला मात्र न्यू जर्सीत उत्पन्नानुसार काही खर्च येऊ शकतो. तिसऱ्या वाढदिवशी ते बंद होतं आणि जबाबदारी डिस्ट्रिक्टकडे येते. तिथे खर्च नाही. हा बदल आपोआप सुरळीत होईल असं धरून चालू नका. तुमच्यासारखं ऑगस्टचं मूल असेल तर सगळ्यांच्या सुट्टीच्या मोसमात फाइल फिरते. म्हणून डिस्ट्रिक्टलाही वसंतातच लेखी कळवा.

लेखी कळवलं की न्यू जर्सीच्या नियमानुसार वीस दिवसांत डिस्ट्रिक्टनं तुमच्याबरोबर बैठक घ्यायची असते. तुम्ही तपासणीला संमती दिली की तिथून नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय आणि गरज असेल तर प्रत्यक्ष सेवा सुरू व्हायला हवी. विकासाच्या एका अंगात ३३ टक्के किंवा दोन अंगांत २५ टक्के मागे असेल तर मूल पात्र ठरतं. मग 'आयईपी' होतं, म्हणजे त्या मुलापुरती लेखी योजना, आणि तुमच्या सहीशिवाय पहिली योजना सुरू होत नाही. शक्यतो बाकीच्या मुलांबरोबर त्याच वर्गात ठेवून मदत द्यायची, असा कायद्याचा कल आहे. "स्पेशल एज्युकेशन"चा शिक्का कायमचा बसेल ही भीती घरोघरी ऐकते. या वयात मदत मिळालेली कितीतरी मुलं पुढे योजनेतून बाहेर पडतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला प्रीस्कूलची फाइल कुणी मागत नाही.

तपासणी त्याच्या भाषेत व्हायला हवी, हाही कायदाच आहे. मराठी दुभाषा मागा, फॉर्मवरच मागा. आयत्या वेळी हिंदी चालेल का विचारतील, मुलाला हिंदी येत नसेल तर नाही म्हणा. नवऱ्याला किंवा शेजारणीला दुभाषा करू नका, कारण आपली माणसं नकळत मुलाचं उत्तर सुधारून सांगतात. "त्याला असं म्हणायचंय" हे वाक्य तपासणीत काही कामाचं नाही. इंग्रजी चाचणीचं मराठीत भाषांतर करून काढलेला आकडा फारसा विश्वासाचा नसतो, हे अनुभवी तज्ज्ञांना माहीत असतं. त्यांना मूल प्रत्यक्ष बोलताना ऐकायचं असतं. तुम्ही घरी चार-पाच लहान व्हिडिओ करा: आजीशी कॉलवर बोलताना, अंघोळीच्या वेळी, गाड्या खेळताना, काही हवं म्हणून हट्ट करताना. आणि आठवडाभर तो जे जे शब्द म्हणतो ते जसे म्हणतो तसेच लिहून काढा. अनोळखी खोलीत, अनोळखी बाईंसमोर तो तासभर गप्प बसला तर हीच सामग्री त्याच्या बाजूनं बोलेल.

वेळेचं गणितही आत्ताच मांडून ठेवा. डिस्ट्रिक्टचा वर्ग सहा तासांचा असतो, शाळेच्या दिवशीच भरतो, आणि उन्हाळ्यात बंद. एल-२ वर तुम्हाला नोकरी करता येते आणि तुम्ही ती शोधताय असं लिहिलंय. तर सकाळचा आणि संध्याकाळचा जादा वेळ कुठल्या केंद्रात मिळतो, त्याचे पैसे किती, हे जागा निवडतानाच विचारा. करारातली खासगी केंद्रं यासाठी बऱ्याचदा सोयीची पडतात, कारण सहा तास डिस्ट्रिक्टचे फुकट आणि पुढचे दोन-तीन तास तिथेच पैसे देऊन. शाळेच्या इमारतीतल्या वर्गासाठी हट्ट धरणाऱ्यांना दुपारी अडीचला हे उमगतं. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर शाळेतून मुलाला नेण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांची नावं घाला आणि पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगा. ओळखपत्राशिवाय मूल हातात देत नाहीत, ते मूल "आजीऽऽ" करून धावत आलं तरी.

तपासणीच्या पत्रात काय लिहायचं हे बहुतेक आयांना कळत नाही, म्हणून सांगते. ते डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण विभागाला जातं. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, घरची भाषा मराठी. त्याच्या बोलण्याबद्दल आम्हाला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, प्रीस्कूल विशेष शिक्षणासाठी त्याची तपासणी व्हावी अशी आमची लेखी विनंती आहे, मराठी दुभाषा लागेल. खाली तारीख आणि सही. ईमेलनं पाठवा म्हणजे तारखेचा वाद राहत नाही, आणि डॉक्टरांची नोंद जोडा. फोनवर कुणी म्हणालं की "आधी सप्टेंबरात वर्गात बसू दे, मग बघू", तर नम्रपणे सांगा की विनंती लेखी केली आहे आणि बैठकीची तारीख हवी आहे. वर्गाची नोंदणी आणि ही तपासणी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज करा.